साखरेची गोळी

सन्माननीय अध्यक्ष पोहातू सर, व्यासपीठावरील डीनबाई, डनेडिनच्या या थंडीत घरून एकेक पदार्थ करून आणणारे आमचे विद्यार्थी, आणि पहिल्या रांगेतला आमचा यूअन, सर्वांना माझा नमस्कार.

मी रॉस. आज निवृत्त होणाऱ्या मोरागच्या शेजारच्या टेबलावर, प्रयोगशाळेत, माझी हयात गेली. तिच्याविषयी बोलायला मला उभं केलंत, हा माझा मान समजतो. चीज रोल आजही तिनेच केलेत आणि आजही करपलेत. तेवढे कौतुकानं खावेत, ही विनंती.

मोरागनं केलं तरी काय? आपल्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारीक भट्ट्या असतात. भट्टी म्हटली की ठिणग्या उडणारच, आणि त्यांनीच पेशी होरपळते. या ठिणग्या विझवणारे अँटिऑक्सिडंट पूर्वीही होते, पण ते घरभर पाणी शिंपडत बसायचे. मोरागनं पाण्याची बादली नेमकी भट्टीशेजारी नेऊन ठेवली. बशीतल्या पेशी वाचल्या, उंदीर वाचले. आम्ही नाचायचंच काय ते बाकी होतं.

अशात तिच्या नवऱ्याचा, या यूअनचा, हात थरथरू लागला. पार्किन्सन, म्हणजे मेंदूतल्या पेशीच मरत जाण्याचा आजार. दैव थट्टा करतं ती अशी.

मोरागच्याच औषधाच्या चाचणीत यूअननं नाव घातलं. निम्म्यांना औषध, निम्म्यांना साखरेची गोळी, आणि कुणाला काय ते कुणालाच ठाऊक नाही. मोराग तर रोज न्याहारीला त्याच्या गोळीकडे पाठ करून बसायची. मी म्हटलं, "अगं, नवरा आहे तुझा. बरं वाटतंय का, एवढं तरी विचार."

"विचारलं तर मीच चाचणी बिघडवली असं होईल. तू गप चहा पी."

चाचणी संपली. दोन्ही गटांत काडीचा फरक नाही. कुणाला काय दिलं होतं तेही मग ज्याचं त्याला सांगितलं. यूअन घरी येऊन म्हणाला, "मला साखरेची होती गं." मोराग चक्क हसली. म्हणाली, "म्हणजे तुला खरी अजून मिळालीच नाही." त्या एका वाक्यावर ती आजवर राबते आहे. निवृत्त होतेय म्हणता? उद्यापासून मित्राच्या प्रयोगशाळेत कोपरा मागून घेतलाय तिनं, यूअनसाठी गोळी करायला.

परवा यूअननं मला बोलावलं. त्याचा आवाज गेलाय, कान तोंडाशी न्यावा लागतो. "रॉस, माझी खरीच होती. तिचं तोंड बघवेना, म्हणून खोटं बोललो. तू सांग तिला. समारंभात सांग."

"अरे, हे चारचौघांत सांगायचं असतं का? घरी सांग की."

"घरी मी तोंड उघडलं की ती नव्या गोळीचं सुरू करते. माझा आवाज तिच्या आवाजावर चढत नाही. पाय चालताहेत तोवर समुद्राकाठच्या आमच्या खोपटात जायचंय, तिच्याबरोबर."

मोराग, बस. उठू नकोस. गोळी खरी होती, तू केलीस तशीच. बादली जागेवर होती, तरी घर जळतंय. का, ते मला कळत नाही, आणि तुझ्यासाठी काय करावं तेही सुचत नाही.

अध्यक्षमहाराज, वेळ दिलात, आभारी आहे. बोलण्यात वाकडंतिकडं गेलं असेल तर सभेनं पोटात घालावं. मोरागनं नाही घातलं तरी माझी तक्रार नाही. यूअननं हात वर केलाय. तो थरथरतोय, पण बोलावतोय तिलाच. जरा वाट द्या तिला.