जर्मन गाडी अन् फुडची बाई

…अन् वरून तो चंद्रभान मलेच इचारते, "माई, चहा पुन्हा घेता काय?" पुन्हा? पुन्हा म्हणजे काय? अरे, मी अमरावतीहून निघाली ते सरळ मूर्तिजापुरात तुह्या हाटेलापाशी पाय खाली ठेवला, घशात कोरड पडली, अन् तू म्हनतं पुन्हा? त म्हनते कसा, "आताच त पिऊन गेल्या न तुमी, गाडीतच बसून. थो पाहा कप." तुमाले सांगते, टेबलावर कप होता. त्यातून वाफ निंघून राहिली होती. भर दुपार, रस्त्यावर कुत्रं नाई, अंगाची लाही होऊन राहिली, अन् माह्या पाठीवर काटा!

आता तुमी म्हनसान, म्हातारीले ऊन लागलं. लागू द्या. अगोदर आयका.

गाडी काहून घेतली? धुयीपायी! माहा देर रामराव, त्याची भलीमोठी अमेरिकन गाडी. मोर्शीच्या रस्त्यानं मी आपली दमनीत, बैल आपल्या चालीनं, अन् हा बाजूनं सुसाट जाये अन् काचेतून हात हालवे, "वहिनी, येतो हं!" मांगं धुयीचा डोंगर. नवरा गेल्यावर संत्र्याच्या बागा मी उभ्या केल्या, विहिरीत उतरून गाळ मी पाह्यला, अन् धूळ मीच खाऊ? नाई खात, जा!

मंग परतवाड्याले लिलाव झाला. कोन्या राजाचं राज गेलं, त्याची लढाईच्या अगोदरची जर्मन गाडी विकाले निंघाली. काळी, लांब नाकाची. लोक म्हने, इचं इंजिन कोन समजन? म्हनलं, मी समजन! बोनटात पंखा होता, इंजिनात हवा कोंबाचा. जास्त हवा कोंबली का जास्त जोर. संग पुस्तकही भेटलं, पन जर्मनमधलं. त काय झालं? मराठी तरी मले कोनं शिकोली? भाज्या बांधून आलेले कागद चुलीपाशी वाचून वाचून शिकली मी! चित्रं पाहून पाहून जर्मनही उलगडलं.

पन जोर पुरे ना. रामराव तरी फुडंच. मंग जिनिंगमधला फिटर पुंजाराम बलावला. थो बोनटात डोस्कं घालून म्हनते, "माई, पंख्याची पुली लहान केली का पंखा जास्त फिरन. पन येक आहे…"

"काय आहे?"

"गाडी किती फुडं जाईन, मले सांगता येत नाई."

मी म्हनलं, जाऊ दे न बापा फुडं! त्याच्यासाठीच त पैसा ओतून राहिली! आता आठोलं का वाटते, फिटर होता का जोतिषी?

पुली बसोली. श्रावण डायवरनं पाय दाबला, अन् पंखा असा किंचायला का झाडावरचे सारे कावळे उडाले. बाई रडते तसा आवाज. पन त्याच दिवशी रामरावले मांगं टाकलं! मी काचेतून हात हालवला, "भाऊजी, येते हं!" काय सुख, काय सुख… अन् तिथून फुडं गेली, त मूर्तिजापुरात तो कप. पुन्हा म्हने!

आता अकोल्याले माहं काम काय? ढेप घ्याची, सरकी पाहाची… सारं निमित्त. जठारपेठेत माही धाकटी बहीण राह्यते, वच्छला. तिले बापानं शायेत घातलं, मले घातलं चुलीपाशी. हरकत नाई. पन येका हळदीकुंकवाले मी चार बायांत पेपर वाचून दाखोत होती, त इनं मधातच मले थांबोलं, माहं वाचन दुरुस्त केलं, अन् हासली. चार बायाही हासल्या. मी पेपर घडी करून ठेवला अन् उठली. म्हनलं, चुकलं म्हनशीन तवाच तुह्या घरचं पानी पिईन. ते ना चुकलं म्हने, ना मी पिओ. फक्त जर्मन गाडी घेतल्यावर दर खेपेले तिच्या दारावरून न्याची, हॉर्न वाजवत. आयकू दे! गाडी थांबवाची नाई.

त त्या दिवशी तिच्या गल्लीत शिरलो, अन् तिची सून सिंधू ओट्यावरून हात करते, "अवं मावशी, काही इसरल्या काय?"

मी म्हनलं, "मी कोठं आली होती त इसरू?"

"असं काय करता? आताच त आत बसून गेल्या. सासूबाईशी बोलल्या. चहा देऊ का पुन्हा?"

पुन्हा म्हणजे काय!!

मी श्रावणले म्हनलं, चाल. कोनीतरी बाई माह्यासारखी बनून फिरून राहिली. असन कोनी बहुरूपी. पन बहुरूपी जर्मन गाडी कोठून आनन? मी इचार केला अन् इलाज काढला. पुली आनखी लहान. तिच्या अगोदर पोचाचं. पुंजारामनं केली, पन या खेपेले पैसे घेतले नाई, निसता हात जोडून उभा राह्यला. अन् गंमत आयका. आमी जितके जोरात, तितकी ते बाई आनखी फुडं! पह्यले कपातून वाफ निंघे, आता कप धुवून पालथा घातलेला! चंद्रभान म्हने, "माई, तुमी सकाळीच गेल्या न?"

मंग वच्छलाचा निरोप आला. लय बिमार आहे, डॉक्टरनं मान हालवली, भेटाचं त भेटून घ्या.

मी पुंजारामले म्हनलं, अजून लहान कर. थो म्हने, "माई, आता बोटातल्या आंगठीयेवढी राहीन." म्हनलं, राहू दे. माह्या बहिनीपाशी मी पह्यले पोचली पाह्यजे. दुसरी कोनी नाई! काय जाऊन बोलन ते भवानी, काय भरोसा?

निंघालो. पंखा असा किंचायत होता का शेतातले बैल दावं तोडून पयाले. मूर्तिजापुरात थांबलोच नाई. अन् बोरगाव मंजूच्या फुडं, तुमाले सांगते, सरळ रस्ता, उन्हात पांढरा पडलेला… अन् त्याच्यावर धूळ. फुडं गाडी. काळी. लांब नाकाची. आवाज मात्र काहीच नाई तिचा, कापूस उडते तशी चाललेली. मांगच्या सीटवर बाई. पांढरा आंबाडा, ताठ पाठ. श्रावणनं हॉर्नवर हात दाबून धरला. हालन त शपत! मी काचेतून डोकं काहाडून वरडली, "वं बाई, साईड दे न वं!" मांगं वळूनही पाहे ना!

मी म्हनलं, "श्रावण, अशी माजोरी बाई मी जन्मात नाई पाह्यली!"

थो रस्त्यावरची नजर न काहाडता म्हनते, "मी पाह्यली, माई."

अन् मंग हळूच म्हनते, "माई, हिले गाठू नका. गाठली त दोघीईतली कोनती घरी न्याची, मले समजनार नाई."

मी डोकं आत घेतलं. धूळ तेवढी आत येत होती. तोंडात, डोयात, दातात. रामरावची खाल्ली, ते परवडली होती…

वच्छलाच्या घरी पोचलो. दार सताड उघडं. मी धावतच आत गेली. वच्छला पलंगावर, हाडाचा सापळा, पन चेहरा असा निवलेला. रस्ताभर मी येकच वाक्य घोकत आली होती, 'तू चुकलं म्हन, मी बसते.' तोंड उघडलं, त वच्छलाच माहा हात धरून म्हनते, "अक्का, बरं झालं वं म्हनलीस. तू चुकलं म्हनल्यावर माही छातीवरची शिळाच उतरली. मी हासाले नव्हतं पाह्यजे."

मी? मी चुकलं म्हनलं? मी!! माह्या सात पिढ्यांत कोनी म्हनलं नाई! अंगाचा भडका झाला. तोंडावर आलं होतं, 'थे मी नव्हती वं!' तेवढ्यात ते माहा हात चाचपते अन् हळूच म्हनते, "तुहा हात थंडगार काहून झाला वं? मघा त गरम होता."

बोला आता! काय सांगू? मी नव्हती म्हनली असती त माफी खोटी ठरे. अन् खरी मागाची म्हनजे मलेच मागा लागे. मले जमते काय ते? मी बसली. पलंगाच्या काठावर. हात तिच्याच हातात ठेवला, गरम व्हयेपर्यंत.

वच्छला वाचली. डॉक्टर चाट पडला. मी पुली काहाडून टाकली, पंखाही काहाडला, गाडी रामरावच्या गळ्यात बांधली. थो परवा येऊन इचारे, "वहिनी, रस्त्यानं माह्या फुडं कोन असते वं? फेटा माह्यासारखाच बांधते." म्हनलं, "भाऊजी, हॉर्न वाजवा." आता मी येष्टीनं जाते, साऱ्याईच्या मांगं, साऱ्याईची धूळ खात. काही फरक नाई. वच्छलाच्या घरी पोचली का पलंगाची चादर कोनी बसून गेल्यासारखी दबलेली, अन् सिंधू दारातूनच इचारते, "मावशी, चहा पुन्हा ठेवू?"

पह्यले मी वरडो, पुन्हा म्हणजे काय? आता चप्पल काहाडते, त्याच दबल्या जागेवर बसते, अन् म्हनते… ठेव बापा, पुन्हाच ठेव. पह्यला काही माह्या नशिबात नाई.