वहिनीचा डबा

सहा मे. सोलापूरचं ऊन असं, की दवाखान्याच्या जिन्याचा कठडा हाताला चटका देत होता. दादाला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला होता. भेटायला आलेली आत्या सगळ्यांसमोर वहिनीला म्हणाली, "जरा पालेभाजी, टमाटं खायला घातलं असतंस, तर ही येळ आली नसती की गं."

आमच्या वडिलांनाही हाच आजार होता. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, हा आजार टाळायला भाज्यांचा उपयोग होऊ शकतो, पण खात्री नाही. तेवढ्यावर वहिनी कित्येक वर्षं दादाच्या डब्यात पालेभाजी, टोमॅटोचं सार आणि जवसाची चटणी देत आली होती.

दादाबरोबर चादरीच्या कारखान्यात काम करणारा शिवाप्पा कोपऱ्यात बसला होता. त्याला राहवेना.

"आत्या, वैनीला बोलू नका. त्यो डबा मीच खात हुतो. ह्यो हाटेलात मटणाचा रस्सा हाणायचा."

दादानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"रोज?" वहिनीनं विचारलं.

"रोज की. शेपू तर लई झ्याक करता तुमी."

वहिनी म्हणाली, "भावजी, ह्यांची केली ती रक्ताची तपासणी तुमी पण करून घ्या. माझं रांधलेलं कुणाच्या तरी कामी आलं का, ते कळू दे मला."

शिवाप्पा हसला, पण दुसऱ्या दिवशी रक्त देऊन आला. रिपोर्ट बिघडलेला होता, म्हणून बायोप्सी झाली. त्यालाही कॅन्सर निघाला.