‘नाही’ म्हणण्याइतकी जागा

जय भीम. नमस्कार.

न्यायाधीश साहेब, बारमधले ज्येष्ठ, माझे सोबती, पल्लवीताई आणि लांबून आलेली सगळी मंडळी.

रोज कोर्टात उभं राहून बोलणारा माणूस मी. पण आज मुनेश्वर मॅडमबद्दल बोलायचं, आणि त्या समोर बसून माझं वाक्य दुरुस्त करणार नाहीत, हे अजून मनाला पटत नाही. माझी सगळी वकिली त्यांच्या टेबलाच्या कडेला बसून झाली. मोठे शब्द त्यांना चालायचे नाहीत. “विशेषणं काढ, मंग वाच,” म्हणायच्या. म्हणून आज जपून बोलतो. कुठं चुकलो तर सांभाळून घ्या.

परवा स्मशानभूमीतून परतताना पल्लवीताईंनी मला विचारलं, “दादा, आईनं सारा जन्म ह्या कोर्टात काढला. माह्या शाळेत कधी आली नाही. सणाच्या दिवशीही पक्षकार दारात. तिले मिळालं तं काय इथं?”

मी मनात मोजू लागलो. घर तेच. बंगला नाही, गाडी नाही. नाव म्हणाल, तर दोन-तीन तालुक्यांबाहेर कोण ओळखतं? ताई, मुलगी म्हणून तुम्ही विचारलेल्या प्रश्नाला वकिलाचं उत्तर द्यायचं नाही मला. जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो. ते पुरेल का, मला ठाऊक नाही.

मी तेव्हा नवा होतो. झरी जामणीकडच्या एका पोडावरचा, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचा, माणकू नावाचा तरुण मारहाणीच्या गुन्ह्यात जेलमध्ये होता. लाकडाच्या ठेकेदाराच्या मुनीमाला कोणीतरी संध्याकाळी झोडपलं होतं. माणकूचं नाव आलं. जामीन मिळाला नाही. आणि त्याची आई, जंगूबाई, एकच गोष्ट सांगत होती: त्या संध्याकाळी पोरगा तापानं फणफणला होता, माझ्याजवळ पडून होता. घरात दुसरं कोणी नव्हतं. म्हणजे माणकू सुटायचा असेल, तर आईच्या शब्दावर.

जंगूबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. मराठी मोडकं होतं, पण मॅडमच्या प्रश्नांना जेमतेम उत्तरं दिली. मग सरकारी वकील उठले. त्यांचा आवाजही चढला नव्हता, हे सांगायलाच हवं.

“मुलगा त्या संध्याकाळी घरी नव्हता, बरोबर?”

“हो जी.”

“त्याला वाचवायला तुम्ही खोटं सांगताय?”

“हो जी.”

मित्रांनो, मी रुमाल काढून घाम पुसू लागलो. मला वाटलं, संपलं. आईच्याच तोंडून पोराला शिक्षा झाली. मी मॅडमकडे पाहिलं. त्या माझ्याकडे न बघताच पुटपुटल्या, “काहून घाम पुसून राह्यला बे? बाईकडं पाह्य.”

मी पाहिलं. जंगूबाईंनी हात जोडलेले होते. मान खाली. मला त्यात काहीच दिसलं नाही. मॅडमना दिसलं.

त्या उठल्या. म्हणाल्या, “साहेब, खटल्याबाहेरचे दोनच प्रश्न विचारायची परवानगी द्या.” हरकत आली. साहेबांनी क्षणभर विचार केला आणि परवानगी दिली.

“जंगूबाई, मी तुमची सून आहे का?”

“हो जी.”

कोर्टात हशा पिकला. मॅडम हसल्या नाहीत.

“अन् हे कोर्ट तुमच्या पोडावर आहे का?”

“हो जी.”

आता हशा अर्ध्यातच थांबला. मॅडम न्यायाधीशांकडे वळल्या. “साहेब, कोणत्याही साहेबासमोर नाही म्हणायची या बाईची हिंमत नाही. जंगलाचा गार्ड आला, हो जी. ठेकेदार आला, हो जी. आज आपण आलो. ही साक्ष नाही, साहेब. ही भीती आहे.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

साक्ष पुन्हा घ्यायचं ठरलं, आणि पुढच्या तारखेला कोलामी जाणणारी एक अंगणवाडी सेविका दुभाषी म्हणून आली. मधल्या दिवसांत मी उत्साहानं म्हणालो होतो, “मॅडम, पोडावर जाऊन बाईंची तयारी करून घेऊ?” केवढ्या कडाडल्या! “तिले पोपट करतं का रे? तिले जे मालूम आहे ते तिचं आहे. आपण बोट नाही लावायचं.”

तयारी कोणी करून घेतली, ऐका. साक्ष सुरू होण्याआधी न्यायाधीश साहेबांनी सेविकेला सांगितलं, “आईंना सांगा, इथं ‘नाही’ म्हटलं तरी चालतं.”

जंगूबाईंनी काहीतरी विचारलं. सेविका म्हणाली, “साहेब, त्या विचारतात, तुम्ही रागावणार नाही?”

साहेब म्हणाले, “नाही.”

मग सरकारी वकिलांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मुलाला वाचवायला खोटं सांगताय? जंगूबाईंनी मान वर केली. साहेबांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि त्यांच्या भाषेत एक शब्द बोलल्या. सेविकेनं मराठी करायच्या आधीच तो आम्हा सगळ्यांना कळला होता.

त्यानंतर त्या थांबल्याच नाहीत. ताप, पाणी, ओलं फडकं, पोराची बडबड. मध्ये कोणी टोकलं नाही. साहेब, शिपाई, पोलीस, काळे कोट, सगळे एका बाईचं बोलणं पूर्ण होण्याची वाट पाहत होते. मी देवळात, विहारात, डोंगरमाथ्यावर उभा राहिलो आहे. इतका लहान आणि इतका भरलेला मी दुसरीकडे कुठंच झालो नाही.

माणकू सुटला. केवळ या साक्षीवर नाही. मुनीमालाही त्याला नीट ओळखता आलं नव्हतं. अर्धं सांगितलेलं मॅडमना खपलं नसतं.

बाहेर येऊन मी म्हणालो, “मॅडम, जिंकलो!”

“तू काय जिंकला बे? तू तं घाम पुसत होता.” मग पायरीवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “आयकलं ना? ह्याच्यासाठी माणूस वकील होते. मले तं बाप्पा, अजून काटा येऊन राह्यला अंगावर.”

पल्लवीताई, तुमच्या आईला हे मिळालं. याच्या बदल्यात तुमच्या वाट्याची आई किती गेली, त्याचा हिशेब मला मांडता येत नाही. तो मांडायचा अधिकारही माझा नाही.

एकच सांगून थांबतो. आज सकाळी दाराशी गर्दी होती. आपल्यातल्याच एकानं एका म्हाताऱ्या बाईंना आपुलकीनं सांगितलं, “आजी, आत जागा नाही. बाहेर मांडवात बसता का?”

त्या म्हणाल्या, “नाही.”

आणि मुलाचा हात धरून आत आल्या. जंगूबाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. शेजारी माणकू आहे.

मॅडम, तुम्हाला अखेरचा जय भीम. आपण सगळे आता उभे राहू या, आणि थोडा वेळ कोणी काही बोलू नये, एवढीच विनंती.