हशाखाली दिलेला शब्द

मी मूळची वसईची. आमची केळीची वाडी होती, पण पप्पांचा जीव वाडीत कमी आणि नाटकात जास्त. गावच्या सणाला चर्चच्या पटांगणात नाटक व्हायचं, सगळी कामं पुरुषच करायचे, बायांचीसुद्धा, आणि पप्पा विंगेत प्रॉम्प्टिंगला, मी त्यांच्या मांडीला टेकून बसलेली. पप्पा म्हणायचे, सिसिल, नट अडकला की शब्द कोणीपण फेकतो, पण तो द्यायचा कधी ठाऊक हाय? लोकं हसत असतात तेव्हा. हशाखाली दिलेला शब्द नटाशिवाय कोणाला ऐकू जात नाय. आता काय सांगू तुम्हाला, ही विद्या मला कॅनडात लागेल असं कोणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

इथं आले ती नवऱ्याच्या मागं, आधी टोरंटोजवळ होतो, मग त्याला लंडनला जॉब लागला, म्हणजे ऑन्टारिओचं लंडन हं, ते राणीचं नाय. मी कोर्स केला, अप्लाय केलं, आणि म्हाताऱ्या माणसांच्या होममध्ये लागले. आंघोळ घालायची, भरवायचं, वॉशरूमला न्यायचं, आणि विंटरमध्ये आधी आपल्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचा नि मग शिफ्टला पळायचं. तिथं मिस्टर आर्थर आले, खऱ्या लंडनहून ह्या लंडनला. त्यांची एकुलती एक लेक हेलन टोरंटोकडं मिल्टनला राहते, तिकडं जवळपास जागा मिळेना म्हणून इथं ठेवलेलं. होममध्ये सगळे त्यांना नुसतं आर्थर म्हणायचे, पण बापाच्या वयाच्या माणसाला नावानं हाक मारायला माझी जीभ उचलत नव्हती.

ते विनोदी नट होते, जन्मभर तेच केलं. पोरवयात समुद्रकाठच्या गावात, धक्क्याच्या टोकावर थिएटर असायचं म्हणे, उन्हाळाभर तिथं सुट्टीवरच्या लोकांना हसवायचं. मग एका कंपनीत दर आठवड्याला नवीन नाटक, रात्री एक करायचं आणि दिवसा पुढचं पाठ करायचं. नाताळात बाईचा वेष करून पोराटोरांसमोर नाचायचं. हे ऐकून मी म्हटलं, अहो, हे तर आमच्या सणासारखंच! मग सिनेमात वेटर, पोलीस, पाद्री, दोन वाक्यं बोलायची आणि दारातून बाहेर. आणि मग टीव्हीवर एका मालिकेत चोंबडा शेजारी, तो इतका चालला की रस्त्यात लोकं त्यांना शेजारीच म्हणायचे. मालिका संपली तशी कामंही संपली, कारण शेजाऱ्याला दुसऱ्या कामात कोण घेणार? बायको गेली, तेव्हा लेकीनं इकडं आणलं.

आणि इथं विसरायला लागले. आमच्या वरच्या मजल्याच्या दाराला कोड आहे, ज्यांना काय कळत नाय त्यांना तिथं ठेवतात, आणि एकदा वर गेलेलं माणूस खाली येत नाय हे सगळ्यांना माहीत. मॅनेजर हेलनला म्हणाली, आता त्यांना वर हलवूया. हेलन रडली, म्हणाली, नाताळाच्या कार्यक्रमात डॅड काम करणार आहेत, ते मला बघू दे, मग ठरवते. हे त्यांना कळलं तसा त्यांनी माझा हात धरला. सिस, म्हणाले, वर प्रेक्षक नाहीत गं.

मग आमची तालीम सुरू. भाड्यानं खोल्या देणाऱ्या मालकिणीचं सोंग, ती भाडेकरूंना नियम सांगते. पहिल्याच दिवशी ते मधेच थांबले, मी झटकन शब्द दिला, तर काय चिडले! म्हणाले, अगं मी विसरलो नव्हतो, मी हशासाठी थांबलो होतो, तू माझा हशा मारलास. मला रडूच आलं. मग त्यांनीच खूण ठरवली, अंगठा बोटावर घासला तर मी थांबलोय, हात उघडा ठेवला तर मी हरवलोय.

कार्यक्रम दुपारचा, डायनिंग हॉलमध्ये. दोन हजार सोळाचा नाताळ होता, बाहेर बर्फ. ख्रिसमस ट्रीमागं मी, पुढं हेलन, तिच्या बाजूला मॅनेजर. शाल, हॅट, लिपस्टिक, बाई म्हणजे बाई दिसत होते! छान चाललं होतं. मग म्हणाले, आंघोळीला गरम पाणी मिळेल, पण... आणि थांबले. मी हात बघायला गेले तर शाल घसरून हातावर पडलेली. आता? द्यावा तर हशा मरेल, न द्यावा तर माणूस वर जाईल. मी मनात आवे मारियाची प्रार्थना म्हणायला लागले. मॅनेजर हेलनकडं वळली. आणि ते नुसते बघत होते, एकेका माणसाच्या तोंडाकडं, डोळे मोठे करून, जसं काय ही सगळी माणसं आहेत तरी कोण. आधी एक म्हातारी खुदकली, मग दुसरी, मग अख्खा हॉल, हेलन तर पोट धरून. पप्पांची आठवण झाली. त्या हशाखाली मी शब्द दिला, तुम्ही आणलंत तर! त्यांनी हॅट सरळ केली आणि ऐटीत म्हणाले, तुम्ही आणलंत तर. टाळ्याच टाळ्या.

हेलन मॅनेजरला म्हणाली, बघितलंस, डॅडचं टायमिंग? ते खालीच राहिले. लिपस्टिक पुसताना मी विचारलं, थांबला होता ना? म्हणाले, नाय सिस, मी कुठं आहे तेच कळत नव्हतं, फार भीती वाटली. मग हॅट माझ्या हातात देत म्हणाले, पण हसले ना?

पुढचा विंटर सरला आणि ते वर गेलेच. ते कोणाला टाळता आलं असतं? मीपण वरची ड्यूटी मागून घेतली. आता बोलत नायत फारसे. रविवारी हेलन गाडी चालवत येते, दारातून हाक मारते, हाय डॅड, आणि ते तिच्याकडं बघत बसतात, डोळे मोठे करून, तसेच. मला आता खूण लागत नाय. मी मोठ्यानं हसते, म्हणते, बघ, कसं तोंड करतायत तुला बघून! मग तीपण हसते, आणि ती हसते तेवढ्यात मी वाकून त्यांच्या कानात सांगते, हेलन. ते म्हणतात, हेलन. देव करो नि तिला कधी माझा आवाज ऐकू न जावो.