हायरमच्या झग्याचं माप

आल्मायरा : हलू नकोस ऑरिन, टाचणी बोचेल.

ऑरिन : बोचू दे. ॲशफोर्डमध्ये एवढे वकील पडलेत, आणि हायरम बेलच्या झग्याचं माप द्यायला मीच सापडलो!

आल्मायरा : त्याला कळू न देता शिवायचाय. तुमचे दोघांचे खांदे तरुणपणापासून सारखे. दुसऱ्या कुणाला उभं करू?

ऑरिन : आणि उद्या शपथविधीला भर कोर्टात हा झगा त्याच्या अंगावर चढवायचा, तोही मीच. का, तर गावातला सगळ्यात जुना वकील!

आल्मायरा : हात खाली. बाही बघू दे.

ऑरिन : केंद्राच्या कोर्टाचा न्यायाधीश, ताई! एकदा बसला की जन्मभर. राष्ट्राध्यक्षांनासुद्धा उठवता येत नाही. आणि मी? काउंटीचा न्यायाधीश व्हायला दोनदा उभा राहिलो. जत्रेत हिंडून बाया देतील तो केक खाल्ला, मतं मागितली. दोन्ही वेळा आपटलो.

आल्मायरा : केक मात्र सगळे पचवलेस.

ऑरिन : हस तू. बापाची डुकरं राखणारा पोरगा तो. तुझ्याच शाळेत साताच्या पाढ्याला रडायचा.

आल्मायरा : रडायचा, आणि दुसऱ्या दिवशी पाठ करून यायचा. तू रडायचा नाहीस. पाठही करायचा नाहीस.

ऑरिन : हुशार कोण होतं?

आल्मायरा : तू. वळ जरा, पाठ बघू दे.

ऑरिन : कर्नल प्रिचर्डच्या कचेरीत आम्ही बरोबरच कायदा शिकलो. दोघांत मिळून कोर्टात घालण्याजोगा एकच कोट होता, आठवतो?

आल्मायरा : न आठवायला काय झालं? बाबांचा कोट उसवून तुझ्या मापावर मीच तो शिवला होता. ज्याची पाळी, त्यानं घालायचा.

ऑरिन : रेल्वे कंपनीचा माणूस तरुण वकील शोधत आला, त्या दिवशी कोट नेमका हायरमच्या अंगावर. तिथून गाडी जी सुटली! आधी रेल्वेचा वकील, मग सरकारी वकील. त्याच रेल्वेवर खटला भरून तो जिंकला, आणि सगळ्या राज्यात नाव झालं. आता हा झगा. सगळं त्या एका दिवसामुळे. त्या दिवशी कोट माझ्या अंगावर असता तर—

आल्मायरा : पाळी तुझीच होती.

ऑरिन : काय?

आल्मायरा : त्या दिवशी कोटाची पाळी तुझी होती, ऑरिन.

ऑरिन : उकडत होतं फार. आणि नदीला मासे लागले होते.

आल्मायरा : मासा मोठा आणलास हं. दोन दिवस पुरला.

ऑरिन : झालं का तुझं? उतरवू?

आल्मायरा : थांब. खाली बघ. झगा कुठवर आलाय?

ऑरिन : आलाय तिथवर आलाय. मी सांगितलं होतं ना, हायरम आता खचलाय, वाकलाय. वीतभर आखूड ठेव म्हणून.

आल्मायरा : सांगितलंस खरं. रविवारी चर्चमध्ये मी त्याच्या मागच्याच बाकावर होते. त्याच्या डोक्याआड मला पाद्री दिसला नाही.

ऑरिन : पाद्रीच बुटका आहे.

आल्मायरा : खरं बोल. आखूड कशाला हवा होता?

ऑरिन : नडग्या दिसल्या असत्या त्याच्या. सगळं कोर्ट हसलं असतं. एकदा, ताई. आयुष्यात एकदा लोक त्याला हसले असते.

आल्मायरा : आणि तू?

ऑरिन : मी हसू दाबलं असतं. तेवढा सभ्यपणा आहे माझ्यात.

आल्मायरा : शाळा सुटायची वेळ टळली तरी मुलं पाटीशी झटत बसायची. चुकलेलं गणित मी कधी पुसलं?

ऑरिन : नाही. ओली चिंधी आमच्याच हातात द्यायचीस.

आल्मायरा : कापड कापलेलं नाही. आत दुमडून कच्चे टाके घातलेत. ही घे कात्री.

ऑरिन : आणि मी नाही उसवले तर?

आल्मायरा : तर उद्या असाच जाईल. मी शाळेतही कुणाचा हात धरून पुसून घेतलं नाही.

(ऑरिन झगा उतरवतो. तो मांडीवर घेऊन एकेक टाका उसवू लागतो.)

आल्मायरा : सावकाश. रेशीम आहे.

ऑरिन : कळतंय मला.... झालं. एकदा घालून बघू?

आल्मायरा : बघ ना. आरसा खिडकीपाशी आहे.

ऑरिन : घोट्यापर्यंत आला.

आल्मायरा : छान दिसतोस.

ऑरिन : ते नको म्हणूस, ताई. अजून जळतं इथं. त्या कोटाला निदान पाळी तरी होती, ह्या झग्याला तीही नाही.

आल्मायरा : हो. होती.

ऑरिन : खाली पक्की शिवण घाल. लांबी माझीच राहू दे, खांदेही. फक्त माप कुणाचं घेतलं, ते त्याला सांगू नकोस.

आल्मायरा : मी कशाला सांगू? तो कोट त्यानंही घातलाय, ऑरिन. अंगावर चढताच ओळखेल.