विहिणीकडचा नाताळ

(भिवंडी, धामणकर नाक्यामागची चाळ. दिवाळी तोंडावर आलेली. यादव लूमवरची दिवसपाळी करून आलाय. त्याची बायको मंदा रिकामे डबे पुसतेय.)

यादव : रेशनला जादा साखर आली आणि तू ती डब्यात कोंडून ठेवलीस. चहा तरी गोड कर.

मंदा : चहाची वेगळी हाय. ही नाताळची.

यादव : नाताळ? त्याला दोन महिने टाइम आहे.

मंदा : म्हणूनच. आयत्या वेळची धावपळ मला न्हाय पाहिजे. डिसेंबर लागला की नानखटाई भट्टीवर द्यायची. नंतर बेकरीवाला केकच्या गडबडीत असतो, आपले पत्रे कोपऱ्यात पडून राहतात. मग शेव, चकल्या. करंज्या आदल्या दिवशी.

यादव : आणि आपल्या घरात नाताळ कुणाचा?

मंदा : बकुळाच्या घरचा. तुमच्या लेकीच्या. बघा, नाव काढलं की लगेच चपला शोधायला लागले.

यादव : कोण शोधतंय? बसलोय ना.

मंदा : मग ऐका. बकुळाचे सासरे पावसाळ्यात गेले. त्यांच्या माघारी हा पहिला मोठा सण. विहीणबाईंनी सांगून ठेवलंय म्हणे, यंदा दारात तारा लावायचा न्हाय, घरात कढई चढायची न्हाय.

यादव : मग तू कशाला मध्ये पडतेस?

मंदा : दुखवट्याच्या घरी पहिल्या सणाला व्याह्यांनी गोड न्यायचं, ही आपली रीत. मुलीच्या बापानं जावयाच्या तोंडात घास घालायचा. मग त्या घरात पुढचे सण व्हतात.

यादव : ते क्रिश्चन लोक. त्यांना काय त्याचं?

मंदा : ज्याचा बाप गेला त्याला गोड घास कळतो. क्रिश्चन असला म्हणून काय झालं.

यादव : चकल्या इतक्या आधी केल्यास तर मऊ पडतील.

मंदा : घट्ट झाकणाचे डबे हायत.

यादव : नुसती झाकणं एसटीत उघडतात. सगळं एका जागी कोऱ्या कापडात बांध. शेठकडून तुकडा मागून आणतो. आणि वसईला सकाळची पहिली गाडी धर, नंतर उभं राहावं लागतं.

मंदा : तेच ठरवलंय. जागा मिळाली की डबे मांडीवर ठेवता येतील.

यादव : वार कुठला येतो?

मंदा : शुक्रवार.

यादव : म्हणजे लूम बंद. वा. माझ्या सुट्टीचा पण बंदोबस्त करून बसलीस. पण मी येणार नाही, आत्ताच सांगतो.

मंदा : तुमची सुट्टी न्हाय बघितली मी. राघो येतोय.

यादव : तुझा भाऊ? त्याचं काय काम?

मंदा : तो बसेल तुमच्या जागी. बकुळाला मामा तोच एक. आदल्या दिवशी वज्रेश्वरीहून येऊन राहील. त्याला शर्टाचं कापडही घेऊन दिलं, शिवायला वेळ मिळावा म्हणून.

यादव : माझ्या जागी. मला न विचारता.

मंदा : विचारायला व्याही आले व्हते की. एकदा न्हाय, दोनदा. इथं या ओट्यावर बसले, कोरा चहा पिऊन गेले. दोन्ही वेळा तुम्ही डबल पाळी लावून घेतली. आता ते बिचारे कुठनं येतील?

यादव : मंदे, पोरीनं लग्न केलं ते मला टपरीवर कळलं. चहा हातात तसाच राहिला. लोक पेढे मागत होते आणि मी खुळ्यासारखा त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. तुला सगळं माहीत होतं.

मंदा : व्हतं. भीतीपायी बोलले न्हाय, ते माझं चुकलं. माझ्यावर जन्मभर रागवा, मी ऐकून घेईन. पण तिच्यावर दोन वर्षं रागवलात, ते आता पुरे झालं. मला न्हाय बघवत.

यादव : राघोला चार माणसांत बोलता तरी येतं का? उगाच हसत बसेल.

मंदा : बोलायचं काय त्यात? करंजी मोडायची, तुकडा द्यायचा.

यादव : आणि जावई रडला तर?

मंदा : राघोही रडेल त्याच्यासंगं. त्याला लगेच पाणी येतं डोळ्यांना.

यादव : आणि बकुळा?

मंदा : ती आधी मामाच्या मागं बघेल, आणखी कोण उतरलंय का ते. मग आत जाऊन चहा टाकेल. आम्ही जेवू, दुपारच्या गाडीनं परत येऊ. कुणाची वाट बघायची न्हाय, रडारड न्हाय, भांडण न्हाय. सगळं शांतपणे पार पडेल, अशी तजवीज केली हाय मी.

यादव : चांगली केलीस.

मंदा : तुम्हाला पटलं म्हणजे झालं.

यादव : राघोला सांगून टाकलंस?

मंदा : कधीच. आता त्याला कुठल्या तोंडानं न्हाय म्हणू? केवढा खूष झालाय.

यादव : नाही कशाला म्हणतेस, येऊ दे त्याला. फक्त म्हणावं, मामा म्हणून ये.