राळेगाव समुद्रात गेलं तेव्हा

आता मले सांगा, राळेगाव समुद्रात कसं जाईल? आमच्या इथं समुद्र कायचा, नळाले पाणी आठ दिवसांनी येते! पण कम्प्युटरवर पाह्यलं तं राळेगावचे एकेचाळीस ठिपके दमणजवळ, भर दर्यात... तुम्हाले सांगतो, घामच फुटला, कारण ठिपके म्हंजे माणसं होती. बोंडअळीचं साल, कपाशी डोक्याच्या वर, अन् फवारता फवारता ज्याले विषबाधा झाली त्याचा एक ठिपका. जिथं ठिपके जास्त, तिथं आमच्या संस्थेची डॉक्टरवाली गाडी जाणार. अन् नकाशा करणारा कोण? तं मी, गोपाल, कॉन्ट्रॅक्टवरचा.

आमचे निजामुद्दीन साहेब लई सज्जन, कधी आवाज नाही चढवत. मागं उभे राहून चष्मा पुसतात अन् हळूच म्हणतात, "गोपाल, नकाशा साफ पाहिजे." बस.

मी सॉफ्टवेअरच्या पाया पडलो. जागेचे आडवे-उभे आकडे उलटे करून टाकले, तं राळेगाव अंदमानच्याही खाली! अजून काही केलं, तं लाल अक्षरात इंग्रजी बोंबाबोंब. अन् आमच्याच जिल्ह्यातलं पुसद? पुसदचे ठिपके पुसदातच, जागचे हालत नव्हते!

साहेब मागं. म्हणे, जिल्ह्याबाहेरचं काढून टाक ना, नकाशा साफ पाहिजे. मी एक ओळ लिहिली. एवढं बोंबलणारं सॉफ्टवेअर, एकदम चूप. खाली बारीक अक्षरात फक्त, एकेचाळीस नोंदी काढल्या... मले त्या चूप बसण्याचीच भीती वाटली. पण नकाशा साफ! पुसद लालेलाल, राळेगाव पांढरं. गाडी पुसदले गेली.

आठव्या दिवशी अस्माचा फोन. अस्मा म्हंजे आमची राळेगावची सर्वेवाली, सायकलनं वावरावावरात जाऊन यंत्रावर जागेचे आकडे घेते. "गोपालभाऊ, गाडी काहून नाही आली? लोकायले डोळ्यानं दिसून नाही राह्यलं." म्हटलं, नकाशात राळेगाव साफ आहे. तं म्हणे, "यंत्रावर चव्वेचाळीस येते, ते भरलं ना?"

चव्वेचाळीस! तो रकाना तं मीच उडवलता. पुसदले त्रेचाळीस, राळेगावले चव्वेचाळीस, मले वाटलं यंत्राचा नंबर असंल. वाचत बसलो तवा समजलं, जगाच्या नकाशाचे उभे पट्टे पाडले आहेत, दर पट्ट्यात आकडे पुन्हा पहिल्यापासून, अन् त्रेचाळीस-चव्वेचाळीसची शीव जाते आमच्या जिल्ह्यातून! एवढं जग पडलं होतं, ती रेघ आमच्याच उरावरून न्यायची होती? मी सगळ्यायले त्रेचाळीस लावला, अन् राळेगाव एक पट्टा सरकून बुडालं.

चव्वेचाळीस टाकला. एकेचाळीस ठिपके गपकन राळेगावावर. साहेब चष्मा पुसत राह्यले, नकाशा साफ पाहिजे म्हणाले नाही. गाडी धाडली.

तेवढ्यात पुन्हा अस्मा. म्हणे, भाऊ, अजून एकाले विषबाधा झाली, आकडा घ्या. घेतला. चव्वेचाळीस सगळ्यात आधी लिहिलं. ठिपका पडला, उपग्रहाच्या फोटोवर जवळून पाह्यला... नाला, बाभळीचा बांध, विहीर. म्हटलं, अस्मा, नाव? पण नाव कायले पाहिजे? त्या विहिरीत मी पोहणं शिकलो. माह्या भावाचं वावर ते, मारोतीचं.

साहेबानं मागून हळूच विचारलं, "आता बरोबर पडला?"

म्हटलं, हो साहेब. एक मीटरचाही फरक नाही.